इंदुताईचा बोजारा

धानाची रोवणी काय चीज असते ते ज्यानं केली त्यालाच ठाऊक. पोटरीभर चिखल, वरून पाऊस, पाठीवर बांधलेलं मेनकापड, आणि सकाळी वाकलेली कंबर दिवस मावळेपर्यंत वाकलेलीच. त्यातही पुढं जायचं नाही. रोवत रोवत मागं मागं सरकायचं. महिना-दीड महिना बाईला दिसतं काय, तर स्वतःचे हात, धानाच्या रोपांचे हिरवे पऱ्हे आणि शेजारणीचे पाय. ब्रह्मपुरीजवळच्या पिंपळबोडीची इंदुताई लग्न होऊन आली तेव्हापासून दर पावसाळ्यात अशीच वाकत आली. पण तिच्याशी घटकाभर बोलून पाहा. मार्कंड्याच्या देवळावरच्या कोणत्या दगडी बाईचं नाक तुटलंय ते ती सांगेल. वैरागडच्या किल्ल्यात झुडपं बाजूला सारत कुठून आत शिरायचं ते सांगेल. नागभीडच्या सातबहिणीच्या डोंगरावर चढताना कोणाची चप्पल तुटली आणि ती कशी अनवाणी वर जाऊन आली, हेही सांगेल. ती चप्पल तिचीच होती.

आता रोवणीवाल्या बाईला हे सगळं कसं जमलं? तर बोजाऱ्यामुळं.

बोजारा म्हणजे रोवणीची शेवटची बांधी, बांध घातलेला धानाचा शेवटचा तुकडा, संपली की मालकानं बायांना खुशीनं द्यायचं ते. खुशीनं असं आपलं म्हणायचं. खरं तर पऱ्ह्यांची शेवटची पेंडी हातात आली की बाया थांबतात, मालकाला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, घेरतात, चिखलाचे हात त्याच्या पांढऱ्या बनियनजवळ नेतात आणि तो "देतो बाप्पा, देतो" म्हणेपर्यंत त्याला हलू देत नाहीत. कुठं कोंबडीचं जेवण मिळतं, कुठं लुगडं, कुठं नुसतेच जिलेबीचे पुडे. मिळालं की मग शेवटची पेंडी चिखलात जाते आणि बांधी बंद होते. बांधी उघडी टाकून घरी गेलेला मालक पिंपळबोडीत अजून कोणी पाहिलेला नाही.

इंदुताईचा नवरा नानाजी झाडीपट्टीच्या नाटकांत पडदा ओढायचा. दिवाळी झाली की निघायचा तो होळीपर्यंत. आज कुरखेडा, उद्या सिंदेवाही, परवा आणखी कुठं. घरी आला की जेवताना सांगत बसायचा, अमक्या गावचा तलाव केवढा, तमक्या गावाला डोंगरात कशी गुहा आहे. माणूस गोड बोलणारा, सांगायची हौस मोठी. इंदुताई भाकऱ्या थापत ऐकायची. एकदा मात्र तिच्यानं राहवलं नाही.

"तुमी सारा मुलूख पाहून येता," ती म्हणाली, "आन मी काय पाह्यतो? तुमच्या मळक्या बनियना."

नानाजीचा घास हातातच राहिला. पण बाईनं वरमून गप्प बसायला पाहिजे होतं, ते काही ती बसली नाही. त्याच पावसाळ्यात धनराजभाऊच्या शेवटच्या बांधीत, बाया कोंबडी-कोंबडी करत असताना, मुकादमीण म्हणून ती पुढं झाली. "आमाले कोंबडी नको भाऊ. गाडी पाह्यजे. एक दिवस. कुठीतरी घेऊन जाय आमाले."

धनराजभाऊ तेव्हा नुकताच शेती सांभाळायला लागलेला, मिशी कोवळी. तो म्हणाला, "कुठी?"

आणि पाहा गंमत, एकीलाही सांगता येईना! गाडी मागून बसल्या, पण जायचं कुठं त्याचं नावच कोणाला येत नव्हतं. शेवटी कोणीतरी मार्कंडा म्हणालं, कारण तेवढं एकच नाव सगळ्यांना येत होतं.

ब्रह्मपुरीच्या मन्सूरची काळी-पिवळी जीप तेव्हापासून ठरलेली. मन्सूर आरमोरीच्या रस्त्यावर सवाऱ्या मारायचा, पण या एका दिवसासाठी वर्षभराची गिऱ्हाइकी सोडून द्यायला तयार असायचा. त्याची बायको रशिदा बायांसाठी लिंबाचं लोणचं बांधून द्यायची, आणि बाया परत येताना तिच्यासाठी जिथं गेल्या तिथलं काहीतरी आणायच्या. कधी मोराचं पीस, कधी नदीतला गुळगुळीत गोटा. रशिदाच्या खिडकीत अशी रांगच लागली होती. "ये मेरा म्युझियम," ती म्हणायची.

नियम दोन होते. एक म्हणजे जागेला देवाचं नाव पाहिजे. किल्ला पाहायला जातो म्हटलं तर कोणती सासू सोडेल, कोणता नवरा सोडेल? पण दर्शन म्हटलं की कोणाची बोलायची टाप नाही. त्यामुळं इंदुताई आधी देव शोधायची आणि मग त्याच्या आजूबाजूचं सगळं पाहून यायची. दुसरा नियम नंबराचा. दरवर्षी एका बाईचा नंबर, ती म्हणेल तिथं जायचं, बाकीच्यांनी हूं की चूं करायचं नाही. टोळीतल्या चंचलनं रामदेगी सांगितली, कारण तिचं माहेर वरोऱ्याचं आणि लहानपणापासून तिला तिथलं पाणी पाहायचं होतं. एकीनं भद्रावतीची लेणी सांगितली. एकीनं नुसतंच "जिथी नदी मोठी असन तिथी" म्हटलं, तर मन्सूरनं खरंच तिला मोठी नदी दाखवून आणली.

आणि इंदुताईचा नंबर? तो आला होता. एकदा नाही, पुन्हा पुन्हा आला होता. पण दर वेळी कोणाचं ना कोणाचं काहीतरी निघायचं. एक म्हातारी म्हणाली, पुढच्या सालापर्यंत मी राहीन का नाही कोण जाणे, मला माझा नंबर आता द्या. इंदुताईनं दिला. म्हातारी अजूनही ठणठणीत आहे, हा भाग वेगळा! एकदा चंचलच्या पोराची परीक्षा होती, नवस बोललेला होता. तोही दिला. बाया म्हणायच्या, "इंदुताईचं काय, तिले काई हौस नाई." हे ऐकून मला तर चीडच येते. ज्या बाईनं सगळ्यांना हौस करायला शिकवलं, तिलाच हौस नाही म्हणे!

हौस होती. पण ती इतकी विचित्र होती की चारचौघींत सांगायची तिला लाज वाटायची.

यंदा तिचा नंबर होता, आणि यंदा तिचे गुडघे गेले होते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं सांगितलं, मावशी, आता चिखलात उतरायचं नाही. मुलगा प्रफुल म्हणाला, "आई, यंदाची रोवनी झाली की बस. पुढच्या साली तू धुऱ्यावरही दिसली नाई पाह्यजे." रोवणी नाही तर बोजारा नाही, आणि बोजारा नाही तर गाडी नाही. म्हणजे जे काही पाहायचं ते यंदाच. त्या दिवसापासून तिचं जेवणात लक्ष लागेना.

सून दिव्यानी आरमोरीची. लग्नाला एक वर्षही झालेलं नव्हतं. पोरगी बारावी झालेली, बोलायला कमी, पण डोळे उघडे ठेवणारी. यंदा पहिल्यांदाच सासूच्या टोळीत रोवायला यायला लागली होती. एका संध्याकाळी सासूच्या गुडघ्यांना तेल चोळताना तिनं विचारलं, "आई, तुमचा नंबर हाय नं यंदा? तुमाले कुठी जाचं हाय?"

"माहं काय वो," इंदुताई म्हणाली. "जाऊ कुठीबी."

"कुठीबी नाई. सांगा नं."

तेलाची वाटी रिकामी झाली तरी दिव्यानी उठेना. मग इंदुताईनं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

ती लहान असताना, परकर-पोलक्यात, आईबापासोबत चांद्याला गेली होती. चंद्रपूरला जुनी माणसं चांदाच म्हणतात. चैत्रातली महाकालीची यात्रा, गोंदियाकडून येणारी रेल्वे, डब्यात पाय ठेवायला जागा नाही. दर्शन झाल्यावर बाप म्हणाला, चला, रावण दाखवतो. शहराच्या लालपेठेकडच्या बाजूला उघड्यावरच अजस्र दगडी मूर्ती पडलेल्या आहेत. कुठल्या तरी व्यापाऱ्यानं म्हणे मोठ्या देवळासाठी घडवायला घेतल्या, आणि देऊळ काही झालं नाही. मूर्ती तशाच राहिल्या, आभाळाखाली. त्यातली एक दहा तोंडांची, वीस-पंचवीस फूट लांब, उताणी पडलेली. लोक तिला रावण म्हणतात, पण जाणकार सांगतात की ती देवी आहे.

इंदुताईची आई तिथं येऊन थबकली. तीही रोवणीवालीच. कितीतरी वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "पाह्य वो इंदू, देवी हाय, दहा तोंडं हायेत, आन दिवसाढवळ्या कशी पाठ टेकून पडली हाय. कोनी उठ म्हनत नाई तिले." आणि बाईच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं तिथंच, त्या दगडाशेजारी, कोरड्या गवतात पदर अंथरला आणि उताणी पडली. हात पसरून. डोळे मिटून. छोट्या इंदूला हसू आलं. आई अशी पडलेली तिनं कधी पाहिलीच नव्हती. रात्री ती झोपण्याआधी आई निजायची नाही, आणि सकाळी ती उठायच्या आधी आई उठलेली असायची.

बाप पाणी घेऊन आला. वाईट माणूस नव्हता तो, पण घाबरून इकडंतिकडं पाहत म्हणाला, "उठ वो, लोक पाहून राह्यले."

आई उठली. पदर झटकला. पुन्हा कधी तशी पडली नाही, आणि एक दिवस कायमचीच पडली.

"तं मले तिथी जाचं हाय," इंदुताई म्हणाली, "आन घडीभर निजाचं हाय. बस. आता सांग, हे कोनाले सांगू? बाया म्हनतीन, निजाचं तं घरीच निज, गाडी कायले पाह्यजे?"

तेलाचे हात दिव्यानीनं स्वतःच्याच केसांना पुसले आणि उठून गेली.

इथवर सगळं ठीक होतं. पण त्याच आठवड्यात धनराजभाऊनं रोवणीचं यंत्र आणलं.

नव्या जमान्यात काय काय येईल ते कमीच! यंत्रवाला ट्रेमधले पऱ्हे त्यात लावायचा आणि ते फटफट करत ओळीच्या ओळी रोवत जायचं. बाया धुऱ्यावर उभ्या राहून पाहत होत्या. चंचलचं तोंड सुरू. "गेली वो माय, रोवनी गेली. आता बोजारा त्या मशीनलेच द्या. तिलेच घेऊन जाय मन्सूरभाऊ देवदर्शनाले!" बाया हसल्या, पण ते हसू घशाखाली उतरलं नाही. टोळीनं इतरांच्या छोट्या छोट्या बांध्या केल्या होत्या, पण गाडी देण्याइतका मालक एक धनराजभाऊच. त्याच्या बांधीतला बोजारा गेला म्हणजे सगळंच गेलं.

इंदुताई यंत्राकडं पाहतही नव्हती. तिचे डोळे बांधीच्या कोपऱ्यांकडं होते.

शेवटची बांधी झाली. धनराजभाऊनं यंत्रापुढं नारळ फोडला, खोबरं वाटलं. यंत्रवाल्यानं आपलं यंत्र ट्रॉलीवर चढवलं आणि तो पुढच्या गावाला निघून गेला. यंत्राला वळायला जागा लागते, तेव्हा बांधीचे चारही कोपरे आणि धुऱ्यालगतची पट्टी तशीच कोरी राहिली होती. त्यात तसं नवल काही नव्हतं, धनराजभाऊलाही ते दिसत होतं. तो म्हणाला, एवढ्याशा जागेचं काय मोठं, राहू दे.

इंदुताईनं लुगडं खोचलं आणि चिखलात पाय घातला.

"अवो इंदुबाई, काय करून राह्यल्या?" धनराजभाऊ ओरडला. "मी मजुरी नाई देनार हं!"

"मजुरी मांगतली कोनं?" असं म्हणून तिनं धुऱ्यावर उरलेले पऱ्हे उचलले. तिच्यामागं दिव्यानी उतरली. चंचल जरा वेळ कमरेवर हात ठेवून पाहत राहिली, मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "अगा बाई!" म्हणत तीही उतरली, आणि तिच्यामागं सगळी टोळी. चार कोपरे काय, बघता बघता झाले. गाणंसुद्धा म्हणायला सुरुवात केली होती बायांनी. शेवटच्या कोपऱ्यात इंदुताई सरळ उभी राहिली. गुडघ्यावर हात दाबून, दात खाऊन उभी राहिली. दुसऱ्या हातात एक पेंडी होती.

"धनराजभाऊ," ती म्हणाली, "शेवटची पेंडी हाय. लावू का ठेवू?"

धनराजभाऊ धुऱ्यावर उभाच राहिला. त्याला सगळं एकदम कळलं. आधी त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे बराबर नाई इंदुबाई. रोवनी मशीननं केली."

"मंग बंदही तिनंच करावी. बोलाव तिले."

यंत्र तर केव्हाच वळणापलीकडं गेलं होतं. धनराजभाऊनं रस्त्याकडं पाहिलं, बांधीकडं पाहिलं, मग चिखलानं भरलेले हात पुढं करून उभ्या असलेल्या बायांकडं पाहिलं, आणि त्याला हसू फुटलं. कोवळी मिशी आता पांढरी व्हायला आली होती. "खरं सांगू का," तो म्हणाला, "दिवसभर त्या मशीनपाशी उभं राहून मलेही करमत नोतं. ना गानं, ना शिव्या. देतो बाप्पा, गाडी देतो. लावा ती पेंडी."

बायांनी असा गलका केला की धुऱ्यावरचे बगळे उडाले.

पण माणसाला एक मिळालं की दुसरं सुचतं. त्याच संध्याकाळी बाया ओसरीवर जमल्या आणि घोडाझरीचा विषय निघाला. तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं होतं. चंचलच्या मोबाईलवर त्याचा व्हिडिओ आलेला. "असं पानी वो, असं पानी! चाल इंदुताई, घोडाझरीलेच जाऊ. तुले तं काई हौस नाई."

इंदुताईनं नेहमीसारखं तोंड उघडलं. दिव्यानीला ते दिसलं. "जाऊ मंग" हे शब्द सासूच्या ओठावर आले होते, येऊन थांबले होते, आणखी एक श्वास आणि ते बाहेर पडणार होते.

"आईचा नंबर हाय," दिव्यानी म्हणाली.

सगळ्या बायांनी माना वळवल्या. नवी सून अशी मोठ्या बायांत बोलत नाही.

"आईचा नंबर हाय," ती पुन्हा म्हणाली. "चांद्याले जाचं हाय. महाकालीचं दर्शन. आन तिथून पुढं आई म्हनतीन तिथी. घोडाझरी पुढच्या सालीही भरन."

चंचल म्हणाली, "जाऊ नं बाप्पा, चांद्याले. कोन नाई म्हनते? पन ही पोरगी बोलते वो, मले वाटलं मुकी हाय!" आणि तिनंच आधी टाळी दिली.

मन्सूर ठरल्या दिवशी उजाडताच हजर झाला. रशिदाचं लोणचं आलं होतं, या वेळी सोबत तिनं एक निरोपही धाडला होता, की इंदुताईच्या नंबराची चीज म्युझियमात सगळ्यात पुढं ठेवीन. गाडी नागभीडकडून सिंदेवाही, मूल ही गावं घेत निघाली. मूल सोडल्यावर दोन्ही बाजूंनी जंगल. सागाला तुरे आलेले. बाया खिडकीतून माना बाहेर काढून वाघ शोधत होत्या आणि मन्सूर सांगत होता, "मुंडी अंदर लो बाई, शेर भी तुमको देखके डर जाएगा." चंचल त्याला म्हणाली, तुझ्या गाडीच्या आवाजानं तर तो कधीच तेलंगणात गेला असेल. असं चाललं होतं. इंदुताई पुढच्या सीटवर बसली होती. तिचे गुडघे सुजले होते, पण ती एकदाही आई गं म्हणाली नाही.

महाकालीचं दर्शन झालं. घरच्यांसाठी प्रसाद घेतला, म्हणजे देवाचं नाव पक्कं झालं. जटपुरा गेटातून गाडी नेली तेव्हा बायांनी गोंडराजाच्या त्या जाडजूड दगडी कमानीकडं तोंड वर करून पाहिलं. आणि मग विचारत विचारत मन्सूरनं गाडी लालपेठेकडं वळवली. पाऊस उघडला होता. घरं, टपऱ्या, खाणीकडं जाणारे ट्रक, आणि मधेच, फाटक लावलेला, तो मोकळा तुकडा. गवत वाढलेलं, आणि गवतात ते काळे ओले दगड.

"हे काय वो?" एक बाई म्हणाली. "एवढ्या लांब दगडं पाह्याले?"

पण जवळ गेल्यावर सगळ्या चूप झाल्या. एवढ्या मोठ्या मूर्ती कोणीही बघितल्या की आधी चूपच होतो. त्यातली ती दहा तोंडांची, उताणी, पावसानं धुतलेली. तोंडांच्या खोबणीत पाणी साचलं होतं आणि त्यात आभाळ दिसत होतं. इंदुताई तिच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. लहानपणी ही डोंगराएवढी वाटली होती. आता तेवढी मोठी वाटली नाही, पण तीच होती. जरासुद्धा कूस बदललेली नव्हती.

दिव्यानीनं पिशवीतून मेनकापड काढलं. तेच, रोवणीत सासूच्या पाठीवर असायचं ते, धुऊन, पुसून घडी केलेलं. मूर्तीपासून हातभर अंतरावर गवतात तिनं ते अंथरलं आणि बाजूला झाली.

इंदुताई आधी बसली. बसायलाच तिला किती वेळ लागला. मग तिनं एक हात टेकला, मग कोपर, आणि हळूहळू पाठ जमिनीला लावली. कंबर टेकली तेव्हा तिच्या तोंडून असा श्वास निघाला की बाजूच्या बाईनं विचारलं, "काय झालं वो?" काहीच झालं नव्हतं. इतक्या पावसाळ्यांची वाकलेली कंबर दिवसाउजेडी सरळ झाली होती, एवढंच. डोक्यावर आभाळ होतं. ढग सरकत होते. तिनं हात पसरले आणि डोळे मिटले.

बायांना काही समजेना. मागं फाटकाजवळ दोन-चार माणसं थांबून बघायला लागली होती. एकानं मोबाईलही वर केला होता. चंचलचं लक्ष गेलं. चंचल तोंडाळ, पण इंदुताईवर तिचा जीव. कोणी आपल्या ताईला हसावं हे तिला कसं खपेल? ती घाईनं वाकली आणि इंदुताईच्या कानाशी कुजबुजली,

"ताई, उठ वो. लोक पाहून राह्यले."

इंदुताईचे डोळे उघडले. तेच शब्द. तीच जागा. आणि आयुष्यभराची सवय ती, कोपर आपोआप जमिनीला टेकलं, मान उचलली गेली. ती उठायला निघाली होती.

तिच्या खांद्यावर हात पडला. दिव्यानीचा. जड नव्हता, पण हलला नाही.

"पाहू द्या," दिव्यानी म्हणाली.

आणि तिनं स्वतःची ओढणी गवतावर टाकली आणि सासूच्या शेजारी उताणी पडली.

इंदुताईनं सुनेकडं पाहिलं. तिनं मान पुन्हा खाली टेकली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी निघालं आणि सरळ कानात गेलं, उताण्या माणसाचं जातं तसं.

चंचल उभीच होती. तिनं एकदा फाटकाकडं पाहिलं, एकदा या दोघींकडं. "हट्!" ती त्या माणसांवर खेकसली. "बाया निजलेल्या कधी पाह्यल्या नाई काय?" आणि तीही पडली. मग एक, मग दुसरी. मेनकापडं निघाली, पदर पसरले. अख्खी टोळी त्या दगडी देवीच्या शेजारी ओळीनं उताणी पडली, रोवणीत उभी असते तशीच ओळ धरून. मन्सूर फाटकापाशी गेला, त्या माणसांना बिड्या दिल्या आणि त्यांच्याकडं तोंड करून, बायांकडं पाठ करून उभा राहिला.

इंदुताई झोपली. खरंच झोपली, घोरतसुद्धा होती. मन्सूरनं दोनदा घड्याळ पाहिलं, पण हाक मारली नाही. जटपुऱ्याजवळ चहा घ्यायचं ठरलं होतं ते राहिलं, रामाळा तलाव राहिला. कोणी कुरकुर केली नाही. थेंब पडायला लागले तेव्हा ती आपली आपण उठली.

गाडीत बसण्याआधी तिनं गवतातून एक पातळ, काळसर दगडाची कपची उचलून पदरात बांधली. रशिदाच्या खिडकीसाठी.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. नानाजी ओसरीवर वाट पाहत बसला होता. आता नाटकात जात नव्हता तो, पण फिरून आलेल्या माणसाला विचारायची हौस तशीच होती.

"काय काय पाह्यलं, प्रफुलची माय?"

"काई नाई," इंदुताई म्हणाली. "निजून आली."

नानाजीला वाटलं थट्टा करते. तो हसायला लागला. मग त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसायचा थांबला. तिनं पाय लांब केले, भिंतीला पाठ टेकली. आत स्वयंपाक पडला होता, पण ती उठली नाही. चूल दिव्यानीनं पेटवली, आणि नानाजी आपणहून भाजी चिरायला बसला.

"सांग नं मंग," तो म्हणाला. "कशी निजली, सांग."

आणि त्या घरात पहिल्यांदा नानाजीनं भाजी चिरत ऐकलं आणि इंदुताईनं सांगितलं.